नाट्यपदें गातां गातां कशीं बदलतात

एखाद्या प्रसिद्ध नाट्यपदाची खरी चाल कोणती, हा वाद मराठी घरांत नवा नाहीं. मुलगी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठीं पद बसवूं लागली कीं आजोबा सांगतात, ‘या पदाची ही चाल नव्हेच’. वडील सांगतात कीं आपण ऐकलेल्या तबकडींत तें असेंच आहे. आणि पेटीवर साथ करणारे गुरुजी तिसरीच चाल काढून दाखवितात. मग ज्याचा आवाज मोठा त्याचें म्हणणें खरें ठरतें व मुलगी बिचारी गप्प बसते. हा वाद आम्हांस क्षुद्र वाटत नाहीं. पुस्तकांत छापलेलें पद, चालींत बांधलेलें पद आणि भरल्या नाटकगृहांत ऐकूं येणारें पद हीं तिन्ही एकच कीं निरनिराळीं, हा प्रश्न त्या वादाच्या मुळाशीं आहे. त्याचें उत्तर शोधावयाचें तर आपल्या संगीत रंगभूमीचा इतिहास थोडाबहुत चाळावा लागतो. वाचकांची संमति गृहीत धरून आम्ही तो येथें चाळणार आहों.

विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस जें नाटक उभें केलें त्यांत गाणें होतें; परंतु तें बहुतेक सूत्रधाराच्या मुखीं होतें. सूत्रधारानें पद्यांत कथा सांगावी आणि पात्रांनीं तिच्या अनुरोधानें हावभाव व भाषण करावें, अशी ती रीति होती. नायिका शोक करीत आहे हें सूत्रधार गाऊन सांगे. पुढें अण्णासाहेब किर्लोस्कर यांनीं ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलें, तेव्हां त्यांनीं केलेला बदल वरवर पाहतां लहान दिसतो. गाणें त्यांनीं सूत्रधाराच्या तोंडून काढून पात्रांच्या तोंडीं घातलें, इतकेंच. पण तेवढ्यानें पदाचें व्याकरण पालटलें. पूर्वीं जें ‘ती रडते’ असें होतें तें आतां ‘मी रडतें’ असें झालें. श्रोता शकुंतलेची गोष्ट ऐकत नव्हता, प्रत्यक्ष शकुंतलेस ऐकत होता.

या पदांच्या चाली अण्णासाहेबांनीं बहुतेक नव्या शोधल्या नाहींत. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत, लावणी, कीर्तनांतील पदें, कानडी मुलुखांतील गाणीं, असें जें जें लोकांच्या कानांवर होतें तें तें त्यांनीं घेतलें व त्यावर आपले शब्द बसविले. आजच्या वाचकास ही उसनवारी वाटेल. आम्हांस मात्र तींत मोठी समज दिसते. १८८२ सालीं त्यांचें ‘संगीत सौभद्र’ आलें. त्यांतील सुभद्रा ही यादवकुळांतील राजकन्या. पण तिचें दुःख काय, तर वडील भावानें तिच्या मनाविरुद्ध दुर्योधनाशीं तिचें लग्न ठरविलें आहे. तें दुःख तिनें देवळांत वा अंगणांत ऐकलेल्या ओळखीच्या चालींत सांगितलें कीं ती राजकन्या राहत नसे. आळींतल्या कोणत्याही घरांतील मुलगी होत असे. जुन्या चालीनें नव्या शब्दांस आपली सगळी ओळख आंदण दिली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

पुढील नाटककारांनीं व संगीतकारांनीं हीच युक्ति दूरदूरच्या चालींवर चालविली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनीं १८९६ सालच्या ‘वीरतनय’ नाटकांत पारशी-उर्दू रंगभूमीवरील धर्तीच्या चाली आणल्या. १९११ सालीं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘मानापमान’ नाटकास गोविंदराव टेंबे यांनीं उत्तरेकडील ठुमरीच्या अंगाच्या चाली दिल्या. आणि १९१६ सालीं खाडिलकरांच्याच ‘स्वयंवर’ नाटकांत भास्करबुवा बखले यांनीं ख्यालगायकींतील उत्तमोत्तम चिजा पदांच्या रूपानें आणून बसविल्या. चीज म्हणजे रागांत बांधलेलें लहानसें गीत. तिचे शब्द थोडे असतात आणि गवई त्यांचा उपयोग बहुधा स्वर टांगण्याच्या खुंटीसारखा करितो. तीच चीज मराठी शब्द लेवून रुक्मिणीच्या मुखीं आली, तेव्हां तिच्या प्रत्येक आलापास कारण मिळालें. स्वर लांबला तर तो रुक्मिणीच्या उत्कंठेनें लांबला. ज्यांनीं मूळ चीज बैठकींत ऐकली होती अशा रसिकांस तर एकाच वेळीं दोन गाणीं ऐकूं येत असलीं पाहिजेत. एक समोरचें व एक आठवणींतलें.

येथवर झालें तें गाणें रचण्यासंबंधीं. आतां तें प्रत्यक्ष गाइलें जातांना काय होतें तें पाहूं, कारण आमच्या विषयाचें मर्म तेथेंच आहे. एक साधें, रोजच्या बोलण्यांतलें वाक्य घ्या: ‘आपण उद्यां येणार ना?’ यांतील ‘आपण’ या शब्दावर जोर दिला तर अर्थ होतो कीं, इतर कोणी आले न आले तरी चालेल, आपण मात्र आलें पाहिजे. ‘उद्यां’ या शब्दावर थांबलें तर आज न येण्याबद्दलची तक्रार ऐकूं येते. आणि शेवटचा ‘ना’ किंचित् लांबविला तर मनांतली भीति बाहेर पडते. बोलणाराची खात्री झालेली नाहीं हें समजतें. बोलतांना आपण हें वाक्य एकदांच बोलतों, म्हणून यांपैकीं एकच अर्थ निवडावा लागतो. गाणारास मात्र तेंच वाक्य दहा वेळां म्हणण्याची मुभा आहे. तो ध्रुवपदाकडे फिरून फिरून येतो, प्रत्येक वेळीं निराळ्या शब्दावर रेंगाळतो, आणि दहाव्या वेळीं त्या वाक्यांत पहिल्या नऊ वेळांचे अर्थ सांठलेले असतात. पद लिहिणारानें एक ओळ लिहिलेली असते. ऐकणारानें मात्र एक आख्खें मन ऐकलेलें असतें.

याला तालाची जोड मिळते. तालाच्या पहिल्या मात्रेस सम म्हणतात. समेवर तबल्याचा ठेका व गाणाराचा शब्द एकत्र येऊन पडतात आणि ऐकणारांच्या माना आपोआप डोलतात. चाल बांधणारा कोणता शब्द समेवर आणतो, यावर त्या ओळींत कोणत्या शब्दास मान मिळणार हें ठरतें. म्हणून चाल बदलली कीं शब्द तेच राहूनही अर्थाचा तोल बदलतो. सम एका शब्दावरून उचलून दुसऱ्यावर ठेविली तर विनवणीची आज्ञा होऊं शकते. जिज्ञासु विद्यार्थ्यांनीं वरचेंच वाक्य टाळीवर दोन निरनिराळ्या तऱ्हांनीं म्हणून पाहावें. आम्ही लिहून जें सांगत आहों तें त्यांस अर्ध्या मिनिटांत कळेल.

नारायण श्रीपाद राजहंस, ज्यांस महाराष्ट्र बालगंधर्व म्हणून ओळखतो, यांच्या गाण्याची थोरवी याच ठिकाणीं होती. ते १९०५ सालीं किर्लोस्कर नाटक मंडळींत आले व स्त्रीभूमिकांनीं त्यांनीं दोन पिढ्यांस वेड लाविलें. त्यांच्या तानेपेक्षां त्यांचा शब्द मोठा होता. तान घेतली तरी ती शब्दाच्या कडेकडेनें फिरून पुनः शब्दाच्या हातीं येई. ओळ तीच, पण प्रत्येक फेरीला तिच्यावर नवा उजेड पडे. त्यांच्या पूर्वीं सुभद्रेची भूमिका भाऊराव कोल्हटकर यांनीं गाजविली होती. भाऊरावांचा आवाज उंच, पल्लेदार व चपळ असल्याची ख्याति होती. ते १९०१ सालीं वारले. ज्यांनीं भाऊरावांची सुभद्रा ऐकली त्यांस पुढची कोणतीही सुभद्रा पुरती पटेना, आणि ज्यांनीं बालगंधर्वांची ऐकली त्यांस मागची कल्पनेंत येईना. पदें दोघांचीं तींच.

परंतु गाणारा एकटा कांहीं करूं शकत नाहीं. नाटकगृहांत दुसरा एक कर्ता असतो, तो म्हणजे श्रोता. आपल्या रंगभूमीवर त्याच्या हातीं एक विलक्षण शस्त्र होतें, तें ‘वन्समोअर’ हें. शब्द इंग्रजी खरा, पण मराठी प्रेक्षकांनीं तो असा पचविला कीं, खेड्यांतला माणूसही तो न अडखळतां ओरडे. पद संपलें, तें आवडलें, कीं ही आरोळी उठे व पात्रास तें पुनः गावें लागे. पहिल्या वेळीं पद कथेंत असतें. नायिका नायकास कांहीं सांगत असते, तो ऐकत असतो, आणि आपण चोरून ऐकत असतों. दुसऱ्या वेळीं कथा थांबते. नायक उगाच उभा राहतो, नायिका रंगमंचाच्या पुढच्या कांठाशीं येते आणि पद थेट आपणांस उद्देशून गाइलें जातें. पहिल्या वेळीं तें कोणाचें तरी सुखदुःख होतें. दुसऱ्या वेळीं तो गाणारा व श्रोते यांच्यामधला खाजगी व्यवहार होतो. गाणारास कळलेलें असतें कीं कोणती जागा लोकांस लागली. तो ती जागा पुनः घेतो, पण तशीच घेत नाहीं, कारण तशीच घेतली तर ती शिळी वाटेल हें त्यास माहीत असतें. अशा रीतीनें श्रोते ओरडून ओरडून पद घडवीत असत.

यांत नुकसान झालें नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. पदामागून पद लांबत गेलें, रात्रीं सुरू झालेलीं नाटकें पहांटेपर्यंत चालूं लागलीं, आणि मरणोन्मुख पात्रासही टाळ्यांच्या आग्रहास्तव उठून बसावें लागतें कीं काय अशी थट्टा होऊं लागली. नाटककाराच्या दृष्टीनें हा अत्याचारच होता. जेथें तानांच्या गर्दींत शब्द ऐकूंच येत नाहीं तेथें नवा अर्थ उत्पन्न होत नाहीं. असलेला अर्थ मात्र मरतो. गाणें बदलतें तें सर्व चांगल्यासाठींच बदलतें असा समज विद्यार्थ्यांनीं करून घेऊं नये. १९३३ सालीं ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकानें थोडीं, सुटसुटीत व भावगीताच्या वळणाचीं पदें ठेवून नवा पायंडा पाडला तो या अतिरेकाचा वीट आल्यामुळेंच.

गाणारा आणि श्रोता यांखेरीज तिसरी एक गोष्ट अर्थ घालते, ती म्हणजे वेळ. ‘मानापमान’ नाटकाचे दोन प्रयोग या बाबतींत नेहमीं आठवावे असे आहेत. पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस झाला. त्याच दिवशीं बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली. प्रयोग बंद ठेवण्याचें त्यांनीं मान्य केलें नाहीं. ते रंग लावून भामिनीच्या भूमिकेंत उभे राहिले व रात्रभर गाइले. भामिनी ही गर्भश्रीमंत, लाडांत वाढलेली, गरीब सेनापतीस तुच्छ लेखणारी मुलगी. तिचीं पदें मानाचीं, रुसव्याचीं, पुढें अनुरागाचीं आहेत. त्यांत संततिशोकाचा लवलेश नाहीं. पण ही हकीकत ज्यास ठाऊक आहे त्यास तीं पदें निव्वळ लाडिक अशीं पुनः ऐकतां येत नाहींत. पुस्तकांत त्या रात्रीचें एक अक्षर नाहीं, तरी तें पदास चिकटलें आहे. हें योग्य झालें कीं अयोग्य, बापानें त्या दिवशीं घरीं बसावयास पाहिजे होतें कीं कसें, याचा निवाडा आम्ही करूं इच्छीत नाहीं. शंभरावर माणसांचें पोट ज्या धंद्यावर अवलंबून असतें त्यांतील कर्तव्यें बाहेरच्यांनीं मोजणें कठीण.

दुसरा प्रयोग दहा वर्षांनंतरचा, ८ जुलै १९२१ चा. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजीं निवर्तले होते व त्यांच्या नांवें स्वराज्यफंड गोळा होत होता. त्या फंडासाठीं गंधर्व नाटक मंडळी व ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनीं एकत्र येऊन मुंबईस ‘संयुक्त मानापमान’ केलें. भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर केशवराव भोसले. केशवरावांचा आवाज चढा व तेजस्वी, बालगंधर्वांचा मृदु व आर्जवी. एकाच रंगमंचावर हे दोघे आमनेसामने गाणार म्हणतांच तिकिटांसाठीं झुंबड उडाली. नाटकाचा विषय संपत्ति श्रेष्ठ कीं शौर्य श्रेष्ठ हा. १९११ सालीं ती एक प्रेमकथा होती. खाडिलकर हे ‘केसरी’च्या परंपरेंतले असल्यामुळें तिच्यामागें कांहीं गर्भितार्थ कोणी पाहिला असेल तर असेल. परंतु १९२१ सालीं स्वराज्याच्या फंडासाठीं पैसा टाकून बसलेल्या श्रोत्यांपुढें जेव्हां धैर्यधर धनापुढें मान न वांकविण्याची भाषा गाऊं लागला, तेव्हां ती भाषा केवळ भामिनीच्या बापाच्या श्रीमंतीविषयीं आहे असें कोणास वाटलें असेल? शब्द जसेच्या तसे होते. काळ बदलला होता. आणि पुढें तीन महिने लोटतात न लोटतात तोंच ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं केशवराव अवघ्या एकतिसाव्या वर्षीं वारले. ज्यांनीं तो प्रयोग ऐकला होता त्यांच्या मनांत त्यांचा धैर्यधर तेथेंच कायमचा थांबला.

त्याच धैर्यधराचीं पदें पुढें मास्टर दीनानाथ मंगेशकर यांनीं आपल्या बळवंत संगीत मंडळींतून गाइलीं, व त्यांतील कांहींच्या टेंबे यांनीं दिलेल्या मूळ चाली त्यांनीं सरळ बदलून टाकल्या. दीनानाथांची गायकी आक्रमक, झेंप घेणारी, अनपेक्षित वळणांची. त्यामुळें धैर्यधराच्या प्रेमांत शरणागतीपेक्षां अभिमान अधिक दिसूं लागला. आज मैफलींत तीं पदें ऐकूं येतात तीं बव्हंशीं दीनानाथांच्या वळणावर. तेव्हां, वाचकहो, आजोबांची चाल खरी कीं तबकडींतली खरी, या वादांत पुष्कळदां दोन्ही पक्ष खरे असतात. ते दोन निरनिराळ्या माणसांस ऐकत असतात एवढेंच.

गाणारा बदलण्याचा आणखी एक प्रकार आहे आणि त्याचा विचार आमच्या मतें पुरेसा होत नाहीं. आपल्या संगीत नाटकांतील नायिकांचीं थोर पदें पुरुषांनीं पुरुषांच्या गळ्यासाठीं बसविलीं व पुरुषांनींच गाइलीं. पुढें १९२९ च्या सुमारास हिराबाई बडोदेकर यांनीं स्वतःची नाटक मंडळी काढली व त्या बहिणींसह रंगभूमीवर आल्या. थोर गायक अब्दुल करीमखाँ यांच्या त्या कन्या. कुलीन स्त्रीनें नाटकांत काम करणें हेंच त्या काळीं अनेकांस रुचत नव्हतें. हिराबाईंनीं सुभद्रेचीं पदें गाइलीं तेव्हां त्यांतील अक्षर बदललें नाहीं. पण ‘माझें लग्न माझ्या मनाविरुद्ध ठरत आहे’ असें जेव्हां खरोखरीची स्त्री शेंकडों लोकांसमोर उभी राहून गाते तेव्हां तें निवेदन वेगळें होतें. पूर्वीं स्त्रीच्या दुःखाचा मोठा सुंदर देखावा होता. आतां तें दुःख ज्यांचें त्यांच्यापैकींच एक जण तें बोलत होती. त्या दृष्टीनें पाहतां, ‘सौभद्र’ लिहून जवळजवळ पन्नास वर्षें झाल्यावर त्याचा एक अर्थ नव्यानें उघडा झाला असें आम्हांस वाटतें.

याहूनही लांबचा प्रवास कान्होपात्रेच्या अभंगांनीं केला आहे. कान्होपात्रा ही मंगळवेढ्याची. गणिकेच्या घरीं जन्मलेली. विठ्ठलाच्या भक्तींत रंगलेली. तिच्या रूपाची कीर्ति ऐकून बेदरच्या बादशहानें तिला नेण्यास माणसें पाठविलीं आणि तिनें पंढरपूरच्या देवळांत विठ्ठलाच्या पायांशीं प्राण ठेविला, अशी कथा परंपरेनें चालत आली आहे. तिच्या अभंगांतील धांवा हा अशा संकटांतल्या स्त्रीचा धांवा आहे. दाराशीं शिपाई उभे आहेत आणि वेळ थोडा आहे. तेच अभंग शेंकडों वर्षें वारकऱ्यांनीं भजनांत म्हटले. तेथें टाळ-मृदंगाच्या घोषांत शेंकडों कंठ एकदम म्हणूं लागले कीं तो एकटीचा आकांत राहत नाहीं. उन्हातान्हांतून पायीं आलेल्या साऱ्या समुदायाची ती विनवणी होते. १९३१ सालीं गंधर्व नाटक मंडळीनें ‘कान्होपात्रा’ नाटक केलें आणि बालगंधर्व त्या भूमिकेंत उभे राहिले. तेव्हां ते त्रेचाळीस वर्षांचे होते. मंडळीचे दिवस फिरत चालले होते; बोलपट येऊन ठेपला होता. पुढें उतारवयांत बालगंधर्वांचे पाय गेले. उभें राहून भूमिका करणें संपलें, तरी ते बसून भजनें गात. ज्यांनीं पैठण्या व भरजरी शालू नेसलेली रुक्मिणी पाहिली होती त्यांच्यापुढें तो वृद्ध, परावलंबी, कर्जानें गांजलेला गायक देवाची करुणा भाकीत बसे. ती करुणा कान्होपात्रेची कीं गाणाराची, हें कोणी वेगळें करूं म्हणेल तर त्यास तें साधणार नाहीं. आणि आज? आज तींच पदें मैफलीच्या अखेरीस भैरवींत गाइलीं जातात, आणि कित्येक श्रोत्यांच्या मनांत त्या वेळीं बादशहा नसतो, वारी नसते, बालगंधर्वही नसतात. आतां गाणें संपणार आणि घरीं जावें लागणार, ही हुरहुर तेवढी असते. ही हुरहुरही खोटी नव्हे.

आतां तबकडीविषयीं. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन-साडेतीन मिनिटें गाणें मावे. रंगभूमीवर जें पद रंगलें कीं पाव तास, कधीं त्याहूनही अधिक चाले तें या मापांत कोंबावयाचें म्हणजे प्रवासाच्या पेटींत बिछाना कोंबण्यासारखें होतें. गाणारे तें करीत. आलाप कापीत, दोन कडव्यांचें एक करीत, लय थोडी वाढवीत. तबकड्या घरोघर गेल्या. त्यांच्या योगानें, जे कधींही नाटकगृहाची पायरी चढले नसते अशा लाखों लोकांस बालगंधर्व ऐकावयास मिळाले. हा उपकार लहान नाहीं. परंतु त्याच वेळीं लोकांची अशी समजूत झाली कीं, पद तें हेंच आणि एवढेंच. तबकडी दररोज तीच तान तशीच घेते. मग प्रत्यक्ष गाणारानें तान बदलली तर ‘हा चुकला’ असें मूलही म्हणूं लागलें. गाणाराकडून नव्याची अपेक्षा करणारा श्रोता जाऊन त्याच्याकडून नकलेची अपेक्षा करणारा श्रोता आला. जो पूर्वीं एकाच पदासाठीं पांच वेळां नाटकास जाई तो पांच वेळां तेंच ऐकण्यासाठीं जात नव्हता, हें विसरलें गेलें.

बोलपटानें ही गोष्ट आणखी पुढें नेली. १९३२ सालीं पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ निघाला व दोन-चार वर्षांत बहुतेक नाटक मंडळ्यांची धूळधाण झाली. स्वतः बालगंधर्व १९३५ सालीं प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटांत एकनाथांच्या भूमिकेंत चमकले. पुरुषवेषांत, उत्तम दिग्दर्शकाच्या हाताखालीं, उत्तम यंत्रसामुग्री भोंवतीं असतां ते गाइले. तरी त्या कंपनीत तो एकच चित्रपट करून ते रंगभूमीकडे परतले. त्यांस तेथें काय कमी होतें? आमच्या मतें श्रोते कमी होते. ज्यानें तीस वर्षें समोरच्या अंधारांतून येणाऱ्या ‘वाहवा’वर पुढची ओळ ठरविली, त्यास मुक्या यंत्रापुढें गातांना कोणाशीं बोलावें हें कळेनासें झालें असल्यास नवल नाहीं. माणूस एकटाच बसून पत्र लिहूं शकतो, पण एकटाच बसून गप्पा मारूं शकत नाहीं. आणि त्यांचें गाणें गप्पांच्या जातीचें होतें.

एकच पद दोन गळ्यांतून निराळें कां होतें, हाच ज्याच्या कथेचा गाभा आहे असेंही एक नाटक मराठींत आहे: पुरुषोत्तम दारव्हेकर यांचें ‘कट्यार काळजांत घुसली’. तें १९६७ सालीं रंगभूमीवर आलें. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचें. पंडितजी आणि खाँसाहेब या दोन दरबारी गवयांचें वैर हा त्याचा विषय. त्यांत एकच पद दोन घराण्यांच्या रीतींनीं श्रोत्यांपुढें येतें. एका रीतींत तें शांत व सात्त्विक, तर दुसरींत धारदार, आव्हान देणारें. नाटककारास दोन माणसांच्या स्वभावांवर पानेंच्या पानें लिहावीं लागलीं असतीं तें काम संगीतकारानें एका पदाच्या दोन चालींत उरकलें. वसंतराव देशपांडे यांनीं खाँसाहेबांची भूमिका केली, आणि लहानपणापासून दीनानाथांच्या गाण्याचा ध्यास घेतलेल्या या गायकास ती भूमिका अशी लाभली कीं, लोक नाटकास म्हणून जात व गाणें ऐकून परत येत. वसंतराव १९८३ सालीं वारले. पुढें त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनीं तेंच नाटक पुनः रंगभूमीवर आणून आजोबांचीच भूमिका केली, व २०१५ सालीं त्यावरून निघालेल्या चित्रपटांतही खाँसाहेबांस त्यांचाच आवाज आहे. नातू गाऊं लागला कीं जुने श्रोते प्रत्येक तानेपूर्वीं क्षणभर श्वास रोखून धरीत, कारण आजोबांनीं त्या जागीं काय केलें होतें तें त्यांस पाठ होतें. आणि शेजारीं बसलेल्या त्यांच्या नातवंडांस त्यांतलें कांहींच ठाऊक नसल्यामुळें तीं निव्वळ पुढें काय येतें तें ऐकत बसत.